घरातलंच रक्त

१२ जानेवारी, भालकी

रिपोर्ट आला. थॅलेसेमिया मायनर. रक्तदानाला गेलो तर ‘तुझंच रक्त कमी आहे’ म्हणून परत पाठवलं होतं. गोळ्या खाऊनही वाढेना, म्हणून ही तपासणी. डॉक्टर म्हणाले, “तुला काही होणार नाही. लग्न ठरलंय?” ठरलंय – इथून जवळच्या मेहकर गावच्या मामांच्या शिवकन्येशी. “मग तिचीही तपासणी कर. दोघांतही हा दोष असला तर प्रत्येक मुलामागे चारात एक धोका. तसं मूल जन्मलं तर त्याला कायम रक्त चढवावं लागतं.”

दिवसभर शिलाई वाकडी येत होती.

१५ जानेवारी

शिवकन्या कॉलेजातून दुकानात आली. ती बी.एस्सी.ला, मी नववीपर्यंत. सांगितलं. तिने माझा खडू घेतला आणि कटिंगच्या टेबलावरच काढू लागली.

“कापड बेतायचा मूळ फर्मा तुम्ही कपाटातून बाहेर देताव का?”

“न्हाई. खाका काढून कारागिराला देतो.”

“तसंच. जीन म्हंजे अक्षरांत लिहिलेला फर्मा. पेशीच्या आतल्या कप्प्यातच राहतो. नक्कल तेवढी बाहेर जाती. बाहेरचा कारागीर ती तीन-तीन अक्षरं करून वाचतो. तीन अक्षरांना एक मणी. मण्याला मणी लावत प्रथिनाची माळ व्हते. तुमच्या हिमोग्लोबिनच्या एका फर्म्यात अक्षर बदललंय. काही जणांत त्यामुळं मधीच ‘थांब’ येतंय आन् माळ अर्धीच राहती.”

“मग मी धड कसा?”

“फर्मे दोन असतात. एक आईकडला, एक बापाकडला. तुमचा एक चांगला हाय. टाके उसवल्यावानी तोंड करून कामून बसलाव?”

“आन् तुझे फर्मे?”

खडू ठेवला तिने. “तेच बघायचंय.”

ती गेल्यावर टेबल पुसलं नाही. कटिंग जमिनीवर केलं.

१९ जानेवारी

आईला घेऊन मेहकरला गेलो. मामा म्हणाले, “परक्याची पोरगी करायलास का? घरातलंच रगत हाय, तपासायचं काय त्यात?” आईचंही तेच. म्हणालो, घरातलं आहे म्हणूनच. माझ्यात आईकडून आलं असेल तर मामांतही असू शकतं आणि तिच्यातही. मामा तापले. “लग्नाआधी पोरीला दवाखान्यात नेलं म्हनल्यावर गाव काय म्हनंल?”

शिवकन्या आतून म्हणाली, “मग समदेच रगत देऊ, अप्पा. पयलं तुम्ही.”

मामांनी बीदरच्या बसची वेळ विचारली.

२० जानेवारी

तिच्यात निघालं तर लग्न करायचं नाही – असं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

२३ जानेवारी

बीदरला गेलो. आई, मामा, शिवकन्या – तिघांनी रक्त दिलं. सुई बघून मामांनी डोळे मिटले. हात लेकीने धरला होता.

परतीच्या बसमध्ये ती हळूच म्हणाली, “माझ्यातबी निघालं तर?”

“बाळ पोटात असतानाच तपासता येतं म्हणतात.”

“म्हंजे लग्न करायलाव.”

तोंडून निघूनच गेलं होतं. मी “व्हय” म्हणालो. खिडकीकडे तोंड करून ती भालकीपर्यंत हसत होती.

२९ जानेवारी

रिपोर्ट घेऊन मेहकरला गेलो. शिवकन्येत दोष नाही. आईत आहे, मामांतही आहे. मामांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला आणि चुलीकडे वळून मामींना म्हणाले, “ऐकलीस का? माझ्यासंगं लग्न मोडायचं आसलं तर आत्ताच सांग.”

मामी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “लई उशिरा विचारायलाव. पोरांच्या लग्नाची तारीख धरा आधी.”