रहिवासी दाखला

रेमे,

मसूर शिजवून ठेवलाय, गरम करून घे. मी पोरांना घेऊन बंदरावर जातेय, तुझ्या घरात बसवत नाही.

शाळाप्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा म्हणून आज नगरपालिकेत गेले होते. खिडकीतली बाई म्हणाली, "तुमची नावं इथं लावलेलीच नाहीत. घरमालकीण सोमवारी स्वतः येऊन सांगून गेली, पाहुणे आहेत, जूनमध्ये जातील." घरमालकीण म्हणजे तू, माझी सख्खी बहीण! उन्हाळ्यात आमची खोली पर्यटकांना द्यायची होती, तर तोंडावर सांगायचंस. "सारागोसा सोड, बेटावर ये, शाळेचं मी बघते," असं फोनवर कोण म्हणत होतं? बरं, सोमवारी हे करून आलीस आणि मंगळवारी माझ्या बेर्ताच्या शाळेच्या एप्रनवर लाल दोऱ्यानं तिचं नाव भरत बसलीस! हात कसा चालला गं तुझा?

अर्जाची मुदत उद्या दुपारी दोनला संपते.

पोरांना मी सांगितलंय की त्या खिडकीतल्या बाईचीच चूक झाली, मावशी सकाळी जाऊन दुरुस्त करून आणेल. त्यांना ते लगेच पटलं.

एल्विरा