निखाऱ्यांची ऊब

अमरावती, १८ डिसेंबर १९३७

प्रिय सूर्यभान,

परदेशी शिकायला गेलेल्या तुम्हा साऱ्या मुलांची एक तक्रार रास्त आहे: ज्यांनी बर्फ कधी पाहिला नाही, तेच घरी बसून थंडीवर उपदेश करतात. त्या उपदेशकांत तुझा बाप सर्वांत मोठ्या आवाजाचा. आज मात्र मी तुमच्या बाजूने उभा आहे.

डेन्मार्कहून तुझं पत्र काल आलं. ‘मी आता बरा आहे’ हे वाक्य पहिलंच लिहिलंस, शहाणा आहेस. तरी पुढचं मी दोनदा वाचलं. खोलीतली शेगडी पेटवलीस, ऊब जाऊ नये म्हणून धुरांड्याची झडप लावलीस, खिडकीच्या फटींत धोतर कोंबलंस आणि संध्याकाळी आडवा झालास; निखाऱ्यांचा विषारी वायू खोलीतच कोंडला. जेवायला हाका मारूनही उठेनास, तेव्हा घरमालकिणीने कुऱ्हाडीने दार फोडलं आणि तुला पायांना धरून बर्फात ओढत नेलं. त्या बाईचं नाव मला उच्चारता येत नाही; पण कालपासून मनोमन तिला किती दंडवत घातले, ते माझं मला माहीत.

तू मला एका शब्दाने दोष दिला नाहीस. बडनेऱ्याच्या फलाटावर मीच गर्जलो होतो, की तिकडे बाळंतिणीसारखं जपून राहा, दार लावून घे, फटी चिंध्यांनी बुजव, निखारे उशाशी ठेव. निरोपाला जमलेल्यांच्या टाळ्या पडल्या. तुझी आई तेवढी म्हणाली होती, “आगीले वारं लागते अन् माणसालेबी. काहून दार लावाले सांगून राहिले?” मी तिला गप्प केलं.

काल पत्र वाचून दाखवताना झडपेचा मजकूर गाळावासा वाटला. गाळला नाही. तेव्हा तिने सांगितलं, की तुझ्या जन्मानंतर तशाच कोंडलेल्या खोलीत शेगडीशेजारी तिला भोवळ आली होती. मैनाबाई सुईणीने लाथ मारून दार उघडलं, म्हणून तुम्ही दोघं वाचलात. बावीस वर्षं मला याचा पत्ता नाही. “कोन सांगनार तुमाले? आत मी होती, तुमी ओसरीवर भाषन करून राहिले होते,” असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता रडली. मग कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एकत्र पोटभर जेवलो.

एवढ्या आनंदातही हे पत्र घाईने लिहिण्याला कारण आहे. बार्शीटाकळीच्या भगवंतरावांचा उत्तम जानेवारीअखेर आगबोटीने तुझ्याच शाळेत यायला निघतो आहे. माझं ते भाषण त्याला तोंडपाठ आहे. मी आज सकाळीच बार्शीटाकळीला जाऊन माझे शब्द मागे घेतले, तर पोरगा हसून म्हणाला, “काका, पयलंच भाषन जोरदार होतं. आता तुमी भेऊन राहिले.” माझंच वक्तृत्व माझ्यावर उलटलं. माझं तो ऐकणार नाही. बर्फात ओढल्या गेलेल्याचं ऐकेल. म्हणून निखारे पुरते विझेपर्यंत झडप लावू नये, खिडकी चार बोटं उघडी असावी, डोकं जड झालं की तडक बाहेर पडावं, हे सारं तू त्याला कळव. आजच, विमानाच्या टपालाने, तुझ्या हाताने उत्तमला पत्र लिही.

तुझाच,
बाबा