लॅपटॉपची वाटणी

घनसावंगी, जि. जालना
मार्च २००७

चि. रामकिसन यास घरून कचरूचे पोटभर आशीर्वाद. सौ. उषाबाईंना आणि लेकरांना आम्हा दोघांचे तसेच.

इकडं आमचं सगळं बराबर आहे. माझा गुडघा हवा पाहून दुखतो आणि नंदाबाईचं तोंड हवा न पाहता चालतं (ती मागं उभी राहून वाचून राह्यली, म्हणून लिहितो की मायेनं चालतं). तुझी शुगर कशी आहे ते उषाबाईंना विचारून कळव, तुझ्या एकट्याच्या सांगण्यावर माझा बिलकुल भरवसा न्हाई. लहानपणी ताप अंगात असताना खेळायला पळायचास, तो तूच ना?

तू संक्रांतीला फोनवर म्हणाला होतास की दादांच्या आवाजाची फाईल मेल करून टाक, आणि मी म्हणालो होतो, आज करतो. त्या 'आज'ला आता दीड-दोन महिने होत आले. आधी हातातलं काम बाजूला ठेव, पाणी पी, मंग पुढचं वाच. चौऱ्याऐंशी साली खळ्यावर तू टेप केलेली दादांची कॅसेट मी दिवाळीत जुन्या जालन्यात नेऊन तुझ्याच लॅपटॉपात भरून आणली होती. भरून झाली आणि परत गुंडाळताना टेप तुटली. म्हणजे आपल्या बापाचा आवाज आता साऱ्या दुनियेत एकाच ठिकाणी उरला, तू दिलेल्या त्या लॅपटॉपात. आणि तो लॅपटॉप चालू होईना. म्हणून हे पत्र शाईनं लिहून राह्यलो.

झालं असं, की तुझं यंत्र (ऑफिसनं टाकून दिलं म्हणून तू भावाला दिलंस, मी काही मनाला लावून घेतलं न्हाई) उघडायलाच इतका वेळ लावायचं, की बटण दाबून मी म्हशीला पेंड टाकून यायचो. त्यात व्हायरस शिरला. शाळेतल्या मास्तरांकडं एक कॉम्प्युटरचं मासिक येतं, त्याच्यासोबत एक चकती फुकट आली होती. त्या चकतीतली नवी यंत्रणा बसवली की म्हणे व्हायरस लागत न्हाई आणि सगळी अक्षरं मराठीत दिसतात. मराठी म्हणल्यावर मी भाळलोच. पण जुन्या यंत्रणेला हात लावायचा न्हाई, कारण तिच्या पोटात दादा. मासिकात लिहिलेलं होतं, दोन्ही एकाच यंत्रात नांदतात, चालू करताना कोणती उघडू ते विचारतात. फक्त आतल्या जागेची वाटणी करावी लागते.

वाटणी! अरे, हे शब्द वाचले आणि मला हसूच आलं. या पंचक्रोशीत कुणाची वाटणी असली की आधी मला बोलावणं येतं. बियाणे कंपनीत मी सारी उमर काट्यावर काढली, जोखण्यात माझा हात कधी चुकला न्हाई. भावाभावांची डोकी फुटायची वेळ आल्ती, तिथं मी चहा पिऊन बांध टाकून दिले. मंग हा तर नुसता पत्र्याचा डबा! चकतीनं विचारलं, वाटणी मी करू का तुम्ही करता? मी छाती काढून म्हणालो, मी करतो. (नंदाबाई म्हणाली, त्याला करू द्या. ही आमच्यातली जुनीच तऱ्हा.)

मी रीतीप्रमाणे वाटे पाडले. जुनीला तिचा वाटा तिच्या जागी ठेवला, नवीला पलीकडला दिला. मधी एक पट्टी दोघींची सामाईक सोडली. आपल्यात विहीर, खळं आणि गाडीवाट कधी वाटून घेत न्हाईत, हे तुला सांगायला नको. मंग शेवटी चकतीनं विचारलं, दरवाजा कुठं बसवू? यंत्र चालू झाल्याबरोबर दोघींपैकी कुणाला उठवायचं ते ठरवणारा हा दरवाजा. आता तूच सांग, पंच म्हणून मी काय उत्तर देणार? वाट एकाच्या मालकीची केली की पुढं खानदान कोर्टात जातं. मी दरवाजा सामाईक पट्टीत टाकला, आणि येण्याजाण्याचा हक्कही तिथंच, अशी खूणसुद्धा केली. पडद्यावर काहीतरी इशारा आला होता. तो इंग्रजीत होता, आणि वाटणीत मला कुणी इशारे द्यावेत अशी पद्धत न्हाई.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती, तरी गेली. त्या यंत्राची बॅटरी तू दिलीस तेव्हाच मेलेली होती (हेही मी मनाला लावून घेतलं न्हाई). लाईट आल्यावर बटण दाबलं, तर काळा पडदा आणि कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करून राह्यलेली. यंत्र आपला दरवाजा जुन्याच जागी शोधायचं, आणि मी तर तो अर्धवट बांधून वावराच्या मधोमध टाकलेला! मी झाकण लावून पाहिलं, उघडून पाहिलं, उन्हात ठेवून पाहिलं. नंदाबाईनं हळदकुंकू वाहून पाहिलं. रेघ काही हलेना.

त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई, रामकिसन. आईच्या माघारी दादांचा फोटोसुद्धा धड उरला न्हाई, रेशनकार्डावर जो होता तो कुणाचाही वाटावा असा. आवाज तेवढा खरा होता. तोच मी वाटण्या करता करता घालवला, असं म्हणून मी ओसरीवर बसून रडलो. नंदाबाईनं लॅपटॉपासाठी वाकळ काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप वाकळंत गुंडाळून दोघं जालन्याला निघालो. जीपमधी शेजारच्या बाईनं वाकळ पाहून विचारलं, किती महिन्यांचं हाय? नंदाबाई म्हणाली, आजारी हाय. त्या बाईनं लगेच सरकून जागा दिली आणि जालन्यापर्यंत कुणी बिडी ओढली न्हाई. जुन्या जालन्यात बद्रीनाथ म्हणून एक दुकानदार आहे. त्यानं कानात वायर घालून, गाणं न थांबवता पाहिलं आणि म्हणाला, फॉरमॅट मारतो, नव्यासारखा होईल. आतलं? आतलं सगळं जाईल. त्यानं स्क्रू खोलायला हात घातला आणि नंदाबाईनं त्याच्या हाताखालून लॅपटॉप असा ओढला, जसा बैलाच्या पायाखालून लेकरू ओढावं. 'सासरा हाय आतमधी!' म्हणाली. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून आमच्याकडं पाहून राह्यली. आम्ही परतीची जीप धरली.

जीपमधी मला आठवलं, की चकतीनं अगदी पहिल्यांदा आणखी एक विचारलं होतं. बसवू, का न बसवता नुसतं दाखवू? म्हणजे पाहुण्यासारखं यायचं, कशाला हात लावायचा न्हाई, बघून निघून जायचं. मी त्या वेळी मालकाच्या थाटात होतो, पाहुण्याकडं बघतो कशाला! घरी आल्या आल्या चकती घातली आणि पाहुण्याला आत घेतलं. पडदा उजळला, मराठी अक्षरं आली. जुनीचा वाटा जागच्या जागी होता. उघडला. आत 'दादा' म्हणून ठेवलेली फाईल होती. मी चष्मा पुसायला लागलो, तोवर नंदाबाईनं बटण दाबलं.

आणि दादा बोलले. 'लाभ... दोन... तीन...' रामकिसन, किती वर्षांनी ऐकलं रे! ज्वारी मापताना ते कधी एक म्हणायचे न्हाईत, पहिल्या मापाला लाभच म्हणायचे. औरंगाबादच्या पहिल्या पगारातून तू टेप आणलेला आणि आपल्या दोघांची वाटणी होऊन राह्यली होती, तरी तू टेप करत होतास. मधीच आई म्हणते, चहा निवला. शेजारच्या झुंबरबाईच्या कोंबड्या ओरडतात. दादा म्हणतात, 'राम्या, बंद कर ते डबडं, सेल संपतील', आणि लगेच पुन्हा पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात मापायला लागतात. त्या खळ्यावर आपण दोघं एका घोंगडीत निजायचो, ज्वारीचं कूस अंगाला टोचायचं आणि तू घोंगडी ओढून घ्यायचास. मला पुन्हा एकदा तिथं निजावंसं वाटतं. दुसरं काही नको. ऐकताना नंदाबाईनं डोक्यावर पदर घेतला. सासऱ्यासमोर घ्यायची, तसा.

तर फाईल सुखरूप आहे. काळजी करू नको, गोड कमी खा.

तुझा,
कचरू

ता. क. लॅपटॉप अजून पाहुण्याच्याच भरवशावर चालून राह्यला. जुनीचा दरवाजा जागेवर बसवायला तिची असल चकती लागते, ती तुझ्याकडं असेल. ती घेऊन ये. पोस्टानं पाठवू नको, फुटते.

ता. क. दुसरा. नंदाबाई म्हणते, खरं लिहा. मास्तरांनी आवाजाची सीडी परवाच करून दिली, ती कपाटात आहे, आणि या पाकिटात सहज मावली असती. मावली असती. मी घातली न्हाई.

ता. क. तिसरा. कॅसेट शेवटपर्यंत तू कधी ऐकलीस का? मीही ऐकली नव्हती. दोन्ही राशी सारख्या झाल्यावर एक अधोलीचं माप भरेल एवढी ज्वारी उरते. तू म्हणतोस, कचरूदादाला द्या. मी म्हणतो, राम्याला द्या. मंग दादा म्हणतात, 'ऱ्हाऊ द्या ती मधी. तिच्यापायी तरी दोघं येत जा.' ज्वारी त्याच दिवशी झुंबरबाईच्या कोंबड्यांनी खाल्ली, पण दादांचं म्हणणं अजून मधीच पडून आहे. मी माझ्या बाजूनं येऊन बसलोय. तुझ्या बाजूनं तू ये.