उंबऱ्याच्या आतला पियानो

ता. ३ मार्च

चि. ठमी वकीलबाई हिस काकाचे अ. उ. आ.

तुझ्या काकाने पुन्हा घोळ घातला आहे. शिकवण्या घेणाऱ्या बाईंचा पियानो तीन महिने खपून दुरुस्त केला. आतल्या अठ्ठ्याऐंशी हातोड्यांवर लोकरीचा नवा नमदा चढवला. मजुरी यायची आहे, आणि काल बँकेचे साहेब दारात. पियानो बाईंच्या कर्जाला तारण आहे, ताबा द्या म्हणाले. त्यांचा कागद माझ्या कामाच्या कितीतरी आधीचा, म्हणून कशीबशी आठवड्याची मुदत मागून घेतली.

त्यात रविवारी मुलांच्या वादनासाठी पियानो हॉलवर पोचवायचा शब्द देऊन बसलोय. बाई हसून विचारतात तेव्हा नाही म्हणवत नाही. माझे कष्ट पाण्यात जातील का, ते लगेच कळव.

तुझा काका

ता. ६ मार्च

ती. स्व. काकांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. नीट ऐका. ज्याने वस्तूवर मेहनत केली आणि वस्तू ज्याच्या हातात आहे, त्याचा हक्क आधी. बँकेचा कागद जुना असला तरी तिचा नंबर नंतर. पण हा हक्क ताब्यावर टिकतो. पियानो तुम्ही आपण होऊन दोन तास जरी बाहेर दिलात, तरी बँक पुढे आणि तुम्ही मागे. तेव्हा कुणी कितीही गोड हसो, तो उंबऱ्याच्या आतच ठेवा. त्यापेक्षा मुलांनाच कारखान्यात बोलवा.

तुमच्या पत्रात आजवर कुणाचं हसणं आलं नव्हतं. आई खोदून खोदून विचारते आहे.

तुमची ठमी

ता. १४ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

तुझं ऐकलं. रंधे, करवती आवरल्या, शेजारच्यांच्या खुर्च्या आणल्या, एक आजोबा तर सरसाच्या डब्यावर बसले. बँकेचे साहेबही आले. तुझं पत्र वाचून त्यांनी मान डोलावली आणि मागे जाऊन बसले. मुलांनी धमाल केली. पहिली टाळी साहेबांचीच.

पालकांनी खूश होऊन वर्षाची फी आगाऊ दिली. बाईंनी आधी माझी मजुरी चुकती केली, साहेबांनी उरलेल्या कर्जाचे हप्ते बांधून दिले. माझा हक्क तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी हमाल बोलावले, तर बाई म्हणाल्या, राहू दे इथेच, आवाज छान लागतो. मग मीही धीर करून विचारलं, पियानोबरोबर मालकीणही राहील का. त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. मला फार आनंद झाला आहे, ठमे.

वहिनींना सांग, ताबा आता बाईंकडे आहे, पियानोचा आणि माझाही. आजवर एकट्यावर केलास तो लोभ यापुढे दोघांवर असू दे.

तुझा काका