तिसऱ्या नंबरची चिठ्ठी

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते. लसीची चिठ्ठी मिळाली. नंबर तीन! शाळेत कधी पहिल्या दहात आले नाही, म्हणून हसूच आलं. मग खालच्या मजल्यावरची धुलाईवाली भेटली. तुमच्याच हॉस्पिटलात साथीच्या रोग्यांच्या चादरी धुते. तिचं नाव यादीतच नाही. ठेकेदाराची माणसं आमच्या हजेरीपटावर नाहीत, असं तिला सांगितलं म्हणे. चादरी धुवायला बरी चालतात रे?

यादी तू करतोस, म्हणून तुलाच विचारते. प्रत्येक कारकुनाने आपली बहीण वर घेतली, तर ज्यांचा भाऊ कारकून नाही त्यांनी जायचं कुठे? जे सगळ्यांनी केलेलं चालणार नाही, ते आपणही करू नये. इतकी पुस्तकं वाचून मला एवढंच कळलं. माझं नाव खाली घाल. पत्र तिच्याच हाती पाठवते.

लोभ असावा, पण यादीत नसावा.

तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

लहानपणी पाढे चुकलो की झापायचीस, तसंच वाटलं. पण ऐक. भावोजी गेले त्या दिवशी खाटांच्या यादीत त्यांचा नंबर सातवा होता आणि खाटा पाच. मी खोडरबर हातात धरून बसलो होतो. नाही खोडलं. नंतर तू चार महिने बोलली नाहीस. या वेळी तरी तुझ्यासाठी काही करावं, म्हणून तीन लिहिला. राहू दे ना. मला रागावणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

तुझाच, धाकटा

दि. १३ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

बोलले नाही, ती माझी चूक. दुःख होतं, आजही आहे. दर सोमवारी यांची गोळ्यांची डबी भरायला घेते आणि परत ठेवते. पण तू यांना वर घेतलं असतंस, तर पाचव्या खाटेवरून कोण उतरलं, हे मी जन्मभर शोधत बसले असते. तेव्हा तू बरोबर वागलास. त्याची भरपाई आता चूक करून करू नकोस.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

दि. २० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

धुलाईची अकराही माणसं यादीत आली, अगदी वर. साहेब म्हणाले, पायंडा पडेल. मी म्हटलं, पडू दे. तुझा नंबर आता एकशे चौदा, म्हणजे एप्रिलअखेर. तोवर बाहेर पडू नकोस. भाजी दाराशी ठेवून मी लांब उभा राहीन. खिडकीतून हवं तेवढं रागाव.

पत्र एक दिवस उशिरा मिळालं, तर आणणारीला बोलू नकोस. काल सुई टोचून घेतली, आज तिचा दंड दुखतोय.

तुझा धाकटा