आमच्या घरची हौजी

४ मार्च
हौजीची पिशवी सापडली, पण आतल्या नंबरांच्या निम्म्या सोंगट्या गायब! हिला अर्धांगाचा झटका आल्यापासून घरातलं सगळंच असं अर्धंमुर्धं झालंय. ही बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, जुनं थोडंफार आठवेल, पण नवं काही आता डोक्यात टिकायचं नाही, आशा धरू नका. — धरू नका म्हणे! मघाशी तिकीट हातात दिलं, तर बोटानं एकेक घर चाचपत बसली. खेळायचंय बाईला.

नंबर संगणकाकडून पुकारून घेतो, प्रोग्रॅम मीच लिहितो. जन्मभर रेडिओ उघडून जोडले, हे काय जड आहे?

५ मार्च
जड आहे.

८ मार्च
वाचनालयातलं पुस्तक पहिल्या पानापासूनच डोक्यावरून गेलं. इंटरनेटवर एक पोरगा समजावून सांगतो, पण इतका भरभर, की मध्येच त्याला पाणी द्यावंसं वाटतं. शेवटी कुणा एका मास्तरांची पानं सापडली — सावकाश, समजुतीनं लिहिलेली. त्यांना माझं आयुष्य लाभो. बघून बघून उतरवलं. संध्याकाळी यंत्र बोललं, "एकोणसाठ!" ही दचकली, मग हसली. हल्ली अर्धंच तोंड हसतं तिचं. मला तेवढं पुरतं.

१५ मार्च
रोज संध्याकाळी खेळतो. ही, मी आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. हिचा हात कापतो, म्हणून तिच्या तिकिटावर खुणा मी करतो. आज फुल हाउस हिचं. ऐट बघावी!

२३ मार्च
नर्सबाईंनी पकडलं. म्हणाल्या, काका, तुमचं यंत्र रोज एकोणसाठनंच सुरू होतं, मग तेवीस, मग सात. मी म्हटलं, योगायोग.

"योगायोगाला रोज ड्यूटी नसते, काका."

मला कसं कळणार? मी आपला हिच्या तोंडाकडे बघत असतो, आकड्यांकडे लक्ष कुणाचं!

२४ मार्च
मास्तरांची पानं पुन्हा धुंडाळली. संगणक मनानं नंबर काढतच नाही — गणित करत सुटतो! सुरुवातीला त्याच्या हातात एक आकडा ठेवायचा. आकडा तोच ठेवला, तर पुढची सगळी रांगही तीच. मास्तरांनी सरावापुरता एक लिहिला होता, मी तो जसाच्या तसा उचलला. खाली बारीक अक्षरात सूचना आहे — खऱ्या खेळात तिथं घड्याळाची वेळ द्या, म्हणजे रांग दरवेळी नवी. चष्मा पुसायचा आळस, दुसरं काय.

बिचारी ही. रोज त्याच त्या रांगेला टाळी द्यायची.

२५ मार्च
प्रोग्रॅममधली ती ओळ बदलली, घड्याळाची वेळ घातली. नर्सबाईंची आज रात्रपाळी. उद्या खेळू.

२६ मार्च
यंत्र म्हणालं, "अडुसष्ट." हिनं तिकिटाकडे बघितलंच नाही. यंत्राकडे बघून कपाळाला आठी घातली. ओठ हलले, शब्द अडकला, पुन्हा हलले.

"चुकलं," ही म्हणाली. "एकोणसाठ. मग तेवीस. मग सात."

मी यंत्राचा आवाज बंद केला. पुढचे नंबर हिनं पुकारले.