मुरायला ठेवलेली डिस्क

१ एप्रिल २००९, बुधवार
निश्चय: या महिन्यात नोकरीत कायम होणे. प्रोबेशन ३० तारखेला संपतं. कलघटगीच्या भीमराव मास्तरांनी स्वच्छ सांगितलंय, मुलगा पर्मनंट झाला की आमच्या रोहिणीच्या लग्नाचं बघू. रोहिणीला मी पसंत आहे. निदान नाही तरी म्हणालेली नाही.
प्रभंजन सरांनी काम दिलं. सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेलं एक नकली मशीन आहे. ते चालू असताना त्याला नवी डिस्क लावायची. मशीन बंद न करता ती आत दिसली पाहिजे. दोन दिवसांचं काम.

३ एप्रिल, शुक्रवार
डिस्क दिसत नाही. कमांड बरोबर आहे. विसरायला नको म्हणून मशीनच्या फायलीतही डिस्कचं नाव लिहून टाकलं. तरी नाही. सूचनांची पीडीएफ ऐंशी पानांची. सवडीने वाचेन.

६ एप्रिल, सोमवार
नऊला डिस्क लावली. अकरापर्यंत काही नाही. अकराला रोजच्यासारखी लाइट गेली, सगळे खाली चहाला गेलो. लाइट आल्यावर वर येऊन बघतो तर डिस्क हजर. डोळ्यांत पाणी आलं.

७ एप्रिल
आजही तेच. नऊला लावली, साडेअकराला दिसली. शोध लागला. डिस्क लगेच दिसत नसते, लोणच्यासारखी मुरावी लागते. रिपोर्टमध्ये 'सेटलिंग टाइम अडीच तास' असं लिहून बेंगळूरच्या क्लायंटला पाठवलं. हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

९ एप्रिल, दुपार
शेजारच्या टेबलावरची दीपश्री (मला सहा महिन्यांनी ज्युनियर) म्हणाली, अरे, यूपीएसची बॅटरी कधीच गेल्ये, लाइट गेली की सर्व्हर बंद पडतोय की. परत चालू होताना तू फायलीत लिहिलेली डिस्क सापडत्ये त्याला. त्यात मुरायचं काय आलं? पीडीएफचं चौदावं पान वाचलास का?
मत्सर. हसून सोडून दिलं. सर्व्हर किती वेळ चालू आहे ते दाखवणारी एक कमांड असते. देणारच होतो, तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली.

१५ एप्रिल
सहा डिस्का, सहाही पास. सोमवारी डेमो. क्लायंट फोनवर असणार आणि आमचा स्क्रीन बघणार. सर म्हणाले, नीट झालं तर कन्फर्मेशनचं पत्र लगेच.
घरी सांगून टाकलं, पर्मनंट झालो. पाच दिवस आधी सांगितलं म्हणून ते खोटं होत नाही. आईने आमच्या सप्तापूर भागात चार घरी पेढे दिले. अण्णांनी कलघटगीला फोन लावला. रविवारी, २६ला, साखरपुडा.

२० एप्रिल, सोमवार
सकाळी १०.४०. डिस्क लावली. क्लायंटला म्हणालो, मुरू द्या.
११.००. पंखा फिरतोय.
११.१०. अजून फिरतोय. मी पंख्याकडे का बघतोय?
११.२०. शिपाई मारुती म्हणाला, आज मोठ्या पुढाऱ्याची सभा आहे की हुबळीत, रात्रीपर्यंत लाइट जात नाही बघा.
११.२५. दीपश्रीचं म्हणणं मला पहिल्यापासून पटलं होतं. आता लिहायला हरकत नाही. देवा, फक्त दोन मिनिटं लाइट घालव.
दुपारी १. जिन्याखालच्या मेन स्विचपर्यंत गेलो. हात ठेवला. मारुतीने विचारलं, काय पाहिजे सर? पाणी, म्हणालो. वर आलो तर दीपश्रीने माझ्या खुर्चीत बसून चौदाव्या पानावरची एक ओळ टाइप केली होती. काहीही बंद न होता डिस्क सेकंदात दिसली. क्लायंट खूश झाला. मग त्याने विचारलं, रिपोर्टमधले अडीच तास कसले? आम्ही ते आमच्या गिऱ्हाइकांना कळवलेत.

२४ एप्रिल, शुक्रवार
पत्र मिळालं. कन्फर्मेशन नाही. सोमवारपासून येण्याची गरज नाही. प्रभंजन सर माझ्याकडे न बघता बोलले. वाईट वाटलं. खूप.
निश्चय: उद्या घरी सगळं सांगणे.

२५ एप्रिल, शनिवार, संध्याकाळ
सांगायला म्हणून बाहेरच्या खोलीत आलो तर भीमराव मास्तर येऊन बसलेले. रोहिणीच्या बांगड्यांचं माप घेऊन आले होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पोरीची काळजी मिटली बघा आमची. मी वाकून नमस्कार केला.
ते गेल्यावर आईने विचारलं, सोमवारी डबा किती वाजता भरू?
आठला, म्हणालो.